कुंडीतली मिरची : रोहिणीपासून वैशाखापर्यंत

मृगाचा पहिला पाऊस झाला की शहरांतील रोपवाटिकांमध्ये मिरचीच्या रोपांना मागणी येते. वीतभर उंचीची, हिरवीगार, एखादी मिरचीही धरलेली रोपे हौसेने घरी येतात, गॅलरीच्या कठड्यालगत ठेवली जातात आणि श्रावण सरता सरता त्यांची रया जाते. पाने आकसतात, शेंडा गोळा होतो, फुले गळतात. मग कोणी पाणी वाढवतो, कोणी खताचा डोस देतो, कोणी दुकानातून कीटकनाशकाची बाटली आणून फवारतो. गणपती येईपर्यंत कुंडी रिकामी झालेली असते आणि ‘आमच्याकडे मिरची होत नाही’ असा निष्कर्ष निघालेला असतो.

वास्तविक मिरची हे काटक झाड आहे. घरच्या बागेत ते जाते ते बहुधा तीन कारणांनी : जागेची चुकीची निवड, पावसाळ्यात मुळाशी साचलेले पाणी आणि आकसलेल्या पानाचे चुकीचे निदान. खत कमी पडल्यामुळे मेलेली मिरची विरळाच.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर इकडच्या स्वयंपाकातील तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आल्यावर अवलंबून होता. ‘मिरची’ हे नावही मिऱ्यावरूनच पडले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र मिऱ्याशी तिचे नाते नाही. ती वांगे, टोमॅटो आणि बटाट्याच्या कुळातील आहे. बागेच्या दृष्टीने या नात्याला महत्त्व आहे, कारण या भावंडांची दुखणी एकमेकांना लागतात. ज्या कुंडीतील वांगे वा टोमॅटो मर लागून गेला, त्या कुंडीतल्या मातीत मिरची लावू नये. दुसरी गोष्ट अशी की मिरची हे मुळात एका हंगामाचे रोप नसून बहुवर्षायू झुडूप आहे. शेतकरी ते दर वर्षी नव्याने लावतो ही शेतीची सोय झाली. कुंडीतील झाडाची नीट काळजी घेतली तर ते दुसऱ्या आणि कधीकधी तिसऱ्या वर्षीही फळ देते.

वाण कोणता निवडावा?

रोजच्या भाजी-आमटीसाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘पुसा ज्वाला’ हा जुना आणि भरवशाचा वाण. त्याच्या मिरच्या लांब, पातळ, सुरकुतलेल्या आणि फिक्या हिरव्या असतात. जागा अगदीच बेताची असेल तर त्याच संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ अधिक सोयीचा. त्याच्या मिरच्या झुबक्याने आणि वर तोंड करून लागतात आणि झाडही अधिक काळ टिकते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले ज्योती’ आणि दापोलीच्या विद्यापीठाचा ‘कोकण कीर्ती’ हे महाराष्ट्राच्या हवेत तयार झालेले वाण आहेत. लवंगी मिरची आकाराने लहान, पण ठेच्याला चार पुरतात.

ब्याडगी आणि संकेश्वरी यांचा मोह शहरी बागायतदाराला हमखास पडतो, कारण त्यांचे बी घरातल्या मसाल्याच्या डब्यातच सापडते. हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. कडक उन्हात वाळवलेल्या आणि वर्षभर पोत्यात राहिलेल्या मिरचीचे बी कमी उगवते. शिवाय कर्नाटकातील हावेरी भागातील ब्याडगी, जिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती रंगासाठी घेतली जाते, तिखटपणासाठी नव्हे. गडहिंग्लज परिसरातली संकेश्वरीही लाल करून वाळवण्याची मिरची आहे. दोन कुंड्यांतून घरापुरते तिखट निघेल असे कोणी समजू नये.

अलीकडे आसाम-नागालँडकडील भूत जोलोकियाची रोपेही शहरांत मिळू लागली आहेत. २००७ मध्ये गिनेसच्या नोंदीत ती जगातील सर्वांत तिखट मिरची ठरली होती. तो मान नंतर इतरांकडे गेला आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘पेपर एक्स’ने तो पटकावला. जोलोकियाला दमट हवा मानवते, त्यामुळे मुंबई-कोकणात ती येऊ शकते. पण तिचे बी उगवायलाच कधी तीन-चार आठवडे घेते आणि पुढे फळ पिकेपर्यंत चार-पाच महिने जातात. ज्या घरात लहान मुले गॅलरीत खेळतात, तेथे ही मिरची न लावलेलीच बरी.

बियाण्यांच्या दुकानात मिळणारे पाकीट ‘संकरित’ आहे की ‘सुधारित’ हे पाहून घ्यावे. संकरित वाण जोमदार येतो, पण त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी लावले तर झाडे सारखी निघत नाहीत. स्वतःचे बी धरायचे असेल तर सुधारित वा गावरान वाणच घ्यावा. पाकिटातील बियांवर गुलाबी किंवा हिरवा लेप असेल, तर ते बुरशीनाशक आहे. असे बी मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यानंतर हात साबणाने धुवावेत.

गॅलरीचे तोंड कोणीकडे?

मिरचीला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन हवे, हे सर्वत्र सांगितले जाते. ते ऊन कोणत्या महिन्यात कोठे असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश, पुण्याचे साडेअठरा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य या शहरांच्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडे उघडणाऱ्या गॅलरीत, विशेषतः वरच्या मजल्याचा स्लॅब पुढे आलेला असेल तर, ऐन जूनमध्ये थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेला कलतो आणि तीच गॅलरी उन्हाने भरून जाते.

याचा अर्थ सरळ आहे. दक्षिणाभिमुख गॅलरीवाल्यांनी मृगाची घाई करू नये. ऑगस्टअखेर बी टाकून ऑक्टोबरच्या आरंभी रोप कुंडीत गेले तर थंडीभर त्याला भरपूर ऊन मिळते. पूर्वेची गॅलरी मिरचीला सर्वांत उत्तम. सकाळचे ऊन आणि दुपारनंतरची सावली तिला मानवते. पश्चिमेकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन भाजून काढते, पण बाकी वर्ष निभावते. उत्तरेच्या गॅलरीत मिरचीचा हट्ट धरू नये. तेथे पुदिना बरा.

गच्ची असेल तर उन्हाचा प्रश्न सुटतो आणि वजनाचा उभा राहतो. पंधरा लिटरच्या कुंडीतील नुसती माती भिजली की २५ किलोंच्या आसपास भरते. दहा कुंड्या एकाच कोपऱ्यात मांडण्यापूर्वी इमारतीच्या स्लॅबचा आणि जलरोधक थराचा विचार व्हावा. कुंड्या तुळयांच्या रेषेवर, विटांवर उचलून ठेवाव्यात. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, तर तिचे खापर मिरचीवरच फुटणार.

बी आणि रोप

पूर्वेच्या वा गच्चीवरच्या बागेसाठी रोहिणी नक्षत्र, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा, हा बी टाकण्याचा काळ. आइस्क्रीमचे रिकामे कप, दुधाच्या पिशव्या किंवा रोपवाटिकेचे खाचांचे ट्रे यांपैकी काहीही चालते. तळाला भोक मात्र हवे. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात घ्यावे. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल घालू नये. २५ ते ३० अंश सेल्सिअस उबेत ते आठ ते बारा दिवसांत उगवते.

या अवस्थेत रोपे मरतात ती प्रेमाने. दिवसातून तीनदा पाणी शिंपडल्यामुळे कोवळ्या खोडाला मातीलगत बुरशी लागते, तेथे ते बारीक होते आणि रोप आडवे पडते. एकदा कोलमडलेले रोप उठत नाही. दाट पेरणी टाळणे, वारा खेळता ठेवणे आणि वरचा थर किंचित सुकल्यावरच पाणी देणे हाच त्यावरचा उपाय.

रोपवाटिकेच्या काळातच पांढरी माशी विषाणू टोचून जाते आणि त्याचा परिणाम दीड-दोन महिन्यांनी दिसतो. म्हणून रोपे पहिल्या दिवसापासून झाकलेली असावीत. मच्छरदाणीची जाळी यासाठी उपयोगाची नाही. तिच्या छिद्रांतून ही माशी सहज पार होते. ऑर्गंडीसारखे तलम कापड काड्यांच्या सांगाड्यावर ताणून लावले तर काम होते. विकतची रोपे घेतानाही फळ लागलेले मोठे रोप निवडण्याऐवजी लहान, सरळ पानांचे आणि पानांखाली माशा नसलेले रोप निवडावे. पान उलटून पाहिल्यावर रोपवाटिकेच्या माळ्याने नाक मुरडले तरी चालेल.

चार ते सहा आठवड्यांनी रोप १२ ते १५ सेंटिमीटर झाले की ते मोठ्या कुंडीत हलवावे. एका झाडाला किमान बारा इंची कुंडी हवी. रंगाचा जुना डबा घ्यायचा तर तो धुऊनही आत रंगाचे पापुद्रे राहतात. त्यापेक्षा खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा चांगला. तळाला आणि बुडाजवळच्या बाजूंनाही भोके पाडावीत. माती, कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि कोकोपीट असे तिन्ही सारखे घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. वजन कमी करायचे असेल तर रसवंतीवरचा उसाचा चोथा आणि सोसायटीच्या आवारातला पालापाचोळा कुजवून वापरता येतो. पण चोथा पुरता कुजलेला हवा, नाहीतर तो कुंडीतच तापतो आणि मुंग्यांना आमंत्रण देतो. पुनर्लावणी संध्याकाळी करावी. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला तर फांद्या अधिक फुटतात. फळ दोन आठवडे उशिरा लागते, पण झाड बुटके आणि भरदार होते. वाऱ्याच्या गच्चीवर हे आवर्जून करावे.

आषाढ-श्रावणातील पाणी

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मिरचीच्या मुळांना इतके पाणी नको असते. त्यांना हवा लागते. माती पाण्याने भरली की मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि पानांना पाणी पोहोचवू शकत नाहीत. म्हणून झाड कोमेजते. येथे घरोघरी एकच चूक होते. कोमेजलेले झाड पाहून त्याला आणखी पाणी घातले जाते.

कोमेजलेल्या झाडाला पाणी देण्यापूर्वी मातीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल तर कुंडी पावसातून आत घ्यावी, आडवी कलवून साचलेले पाणी काढावे, तळाची भोके काडीने मोकळी करावीत आणि तीन-चार दिवस पाण्याचे नावही काढू नये. या काळात कुंडीखालच्या ताटल्या काढूनच टाकाव्यात. त्यांतील पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, त्यामुळे हा केवळ मिरचीचा प्रश्न राहत नाही.

पावसाळाभर झाडाकडून फळांची अपेक्षा ठेवू नये. ढगाळ हवेत फुले येतात आणि गळतात. हा काळ मुळे आणि फांद्या वाढण्याचा आहे. नत्रयुक्त खत देऊन झाडाला या दिवसांत फुगवले तर पाने मऊ होतात आणि मावा त्यांवर तुटून पडतो. महिन्यातून एकदा दोन मुठी कंपोस्ट पुरे.

पान आकसले, पुढे काय?

मिरचीचे पान आकसण्याला मराठीत ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात. हे एका रोगाचे नाव आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात ते एक लक्षण आहे आणि त्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणे असतात. तिघांवरचे उपाय निराळे आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही आणि तिसऱ्याला औषधच नाही.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे दिसत असेल, तर बहुधा फुलकिडे आहेत. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारावी. तिळाहूनही बारीक, पिवळसर, लांबट किडे कागदावर चालताना दिसतात. ते पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. कोरड्या, उष्ण हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मिरचीच्या मोठ्या क्षेत्राचे नुकसान करणारी, फुलांत लपून राहणारी फुलकिड्याची परदेशी जातही आता भारतात स्थिरावली आहे. त्यामुळे फुले गळत असतील तर एखादे फूलही कागदावर झटकून पाहावे.

पानाच्या कडा खालच्या बाजूला वळून पान उलट्या होडीसारखे झाले, त्याचा देठ लांबट झाला आणि पान जाडसर, ठिसूळ वाटू लागले, तर तो कोळ्याचा उपद्रव समजावा. हा कोळी म्हणजे जाळे विणणारा घरातला कोळी नव्हे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. दमट हवेत तो फोफावतो, त्यामुळे कोकणपट्टीत पावसाच्या उघडिपीत त्याचा त्रास अधिक.

तिसरा प्रकार विषाणूचा. नवी पाने अगदी लहान, चुरगळलेली, शिरांमध्ये पिवळसर होतात. दोन पेरांमधले अंतर कमी होऊन शेंडा झुबक्यासारखा दिसतो. झाडाची वाढ थांबते आणि पानाखाली, झाड हलवताच उडणाऱ्या, पांढऱ्या माश्या आढळतात. या झाडाला कोणताही इलाज नाही. आंबट ताक, हिंगाचे पाणी, राख यांपैकी कशानेही झाडात शिरलेला विषाणू जात नाही आणि महागड्या औषधानेही जात नाही. झाडावर हलकेच मोठी पिशवी घालून, माश्या उडू न देता ते मुळासकट काढावे आणि पिशवी बांधून टाकून द्यावी. हा निर्णय जड जातो. पण एक रोगट झाड आठवडाभर ठेवण्याची किंमत शेजारच्या चार निरोगी झाडांना मोजावी लागते.

फुलकिडे आणि मावा यांच्यासाठी पहिले औषध पाणीच. पानांच्या खालच्या बाजूवर जोरदार फवारा दोन दिवसांआड मारला तर कीड बरीच आटोक्यात येते. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. निंबोळ्या ज्येष्ठात झाडाखाली पडतात. त्या वेचून, सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर उपयोगी पडतात. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावी आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. तयार कडुनिंबाचे तेल असेल तर लिटरला पाच मिलिलिटर पुरते. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ते तीन ग्रॅम घ्यावे. मात्र कडक उन्हाच्या दिवसांत गंधकाने पाने करपतात आणि तेलाची फवारणी केल्यावर दोन आठवडे तरी गंधक मारू नये. ही सूचना पुड्यावर असते. ती वाचली जात नाही. चिकट पिवळे आणि निळे सापळे कीड संपवत नाहीत, पण ती आल्याची खबर लवकर देतात.

दुकानातील तीव्र कीटकनाशकांबद्दल एकच हिशेब मांडावा. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत, हे त्या बाटलीवर लिहिलेले असते. शेतात तोडे ठराविक अंतराने होतात, तेव्हा तो नियम पाळता येतो. घरच्या कुंडीतली मिरची तर जेवताना हात लांबवून तोडली जाते आणि कच्चीच ताटात येते. तेथे हा नियम पाळला जाणे अवघड आहे. शिवाय या औषधांनी मावा खाणारे ढालकिडे आणि कोळी खाणारे उपकारक जीवही मरतात. महिन्याभराने कीड परततेच आणि तिला खाणारे मात्र परतत नाहीत.

फुले, थंडी आणि फळे

हस्ताचा पाऊस ओसरला, ऑक्टोबरचा उकाडा संपून रात्री थंडावू लागल्या की मिरचीचा खरा हंगाम सुरू होतो. दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री १६ ते २० अंश ही तिची आवडती हवा. जूनमध्ये लावलेले आणि श्रावणातून तगलेले झाड या काळात फुलांनी भरते. फूल पांढरे, लहान आणि बहुधा खाली मान घातलेले असते. ते स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे मधमाशा फिरकत नाहीत अशा उंच मजल्यांवरही मिरची लागते. सकाळी फांद्या हलक्या हाताने हलवल्या की पुरते. काचेने बंद केलेल्या गॅलरीत, जेथे वारा लागत नाही, तेथे हे करायलाच हवे.

फूल ते हिरवी मिरची हा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांचा. या काळात पाणी नियमित असावे. चार दिवस कोरडे आणि एक दिवस चिंब, असे झाले तर फळाच्या टोकाला तपकिरी चट्टा पडतो. तो रोग नसून फळापर्यंत चुना म्हणजे कॅल्शियम न पोहोचल्याचा परिणाम आहे. मातीत चुना असूनही तो होतो, कारण चुना पाण्याबरोबरच वर चढतो.

पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत पानाखाली पांढरट पूड दिसू लागते आणि पाने झडतात. ही भुरी. लागलेली पाने काढून टाकावीत. थंडीत गंधकाची फवारणी सुरक्षित असते.

हिरवी मिरची देठासह कात्रीने कापावी. ओढून तोडली तर अनेकदा फांदीच हातात येते. हिरव्या मिरच्या वेळच्या वेळी काढल्या तर झाड नवी फुले धरत राहते. सगळ्या लाल होऊ दिल्या तर बहर थांबतो. शेजारीपाजारी वाटण्याइतक्या झाल्या तर ताकात भिजवून, मेथी-धण्याचा मसाला भरून, जानेवारीच्या उन्हात सांडगी मिरची करता येते. पिकलेल्या मिरच्यांवर बुलबुल हक्काने येतात. त्यांना तिखट लागत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या ज्या संवेदकावर काम करते, तो पक्ष्यांत त्याला दाद देत नाही. हा संवेदक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला. भाजल्याची वेदना कळवणारा संवेदकही तोच. या संशोधनासाठी त्यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीने तोंड ‘भाजते’ म्हणतात ते मज्जातंतूंच्या दृष्टीने खरेच आहे.

हे कॅप्सेसिन बियांत नसते. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात ते तयार होते. म्हणून तिखटपणा कमी करायचा तर बियांबरोबर ती पांढरी शीरही काढावी लागते. एकाच झाडाच्या दोन मिरच्यांत एक गोड आणि दुसरी जहाल निघते, यातही नवल नाही. पाण्याचा ताण आणि उष्णता यांनी तिखटपणा बहुधा वाढतो. थंडीतल्या भरपूर पाण्यावरच्या मिरचीपेक्षा फाल्गुनातली मिरची म्हणूनच झोंबते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. मिरच्या चिरून हात जळू लागले तर आधी तेल चोळून मग साबण लावावा आणि तोंड भाजले तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे. डोळ्याला हात लागला तर मात्र चोळू नये. स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धूत राहावा.

बी आणि दुसरे वर्ष

बी धरायचे तर पौष-माघात, झाड जोमात असताना धरावे. जवळपास दुसरा वाण असेल तर संकर होतो, म्हणून निरोगी झाडाची एक फांदी कळ्या असतानाच तलम कापडाच्या पिशवीत बांधावी. फळ धरले की पिशवी काढून त्या फळाच्या देठाला दोरा बांधून ठेवावा, नाहीतर ते चुकून फोडणीत जाते. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी, मग बी काढून सावलीत वाळवावे आणि कागदाच्या पुडीत, वाण व वर्ष लिहून, कोरड्या जागी ठेवावे. दोन-तीन वर्षे ते चांगले उगवते.

मार्चअखेरपासून तापमान ३५ अंशांपलीकडे गेले की फुले पुन्हा गळू लागतात. हा रोग नाही आणि त्यावर फवारणी करू नये. दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी, मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे जाड थर पसरावा आणि पाणी सकाळी लवकर द्यावे. झाड निरोगी असेल, त्याची पाने सरळ असतील, तर वैशाखात ते काढून टाकण्याचे कारण नाही. जुन्या फांद्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत छाटाव्यात, वरची चार बोटे माती काढून तेथे नवे कंपोस्ट भरावे आणि कुंडी पंधरा दिवस अर्धसावलीत ठेवावी. रोहिणी निघता निघता खोडावर नवे फुटवे दिसतात. ते फुटवे चुरडलेले निघाले तर झाड काढावे आणि पुडीतले बी ट्रेमध्ये टाकावे.